अंडाशयातील गाठ आणि निदानाची अनिश्चितता

अंडाशयातील गाठ म्हणजे स्त्रीच्या अंडाशयात किंवा त्याच्या पृष्ठभागावर तयार होणारी, बहुधा द्रवाने भरलेली पिशवी होय. मासिक पाळी सुरू असलेल्या वयात अशा गाठी अतिशय सामान्य असतात. त्यांतील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असून काही आठवड्यांत आपोआप विरून जातात. तथापि सोनोग्राफीच्या किंवा रक्ततपासणीच्या पहिल्याच अहवालातून गाठीचे स्वरूप प्रत्येक वेळी निश्चित सांगता येत नाही. पहिला अहवाल आणि अंतिम निदान यांच्यामधील आठवडे रुग्ण व तिचे कुटुंब यांच्यासाठी मोठ्या चिंतेचे ठरतात. अशा वेळी भीतीपोटी घाईने केलेली शस्त्रक्रिया जशी हानिकारक ठरू शकते, तसेच भीतीपोटी पुढची तपासणी टाळणेही धोक्याचे असते. प्रस्तुत लेखात गाठींचे प्रकार, तपासण्यांच्या मर्यादा, चिंतेला सामोरे जाण्याचे मार्ग आणि यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भातील काही बाबी दिल्या आहेत.

संज्ञा

वैद्यकीय मराठीत अशा गाठीला ‘द्रवार्बुद’ ही संज्ञा आहे. व्यवहारात मात्र ‘सिस्ट’ किंवा ‘पाण्याची गाठ’ हे शब्द रूढ आहेत. ग्रामीण भागात गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात, आणि अंडाशयातील गाठीलाही पुष्कळदा ‘पिशवीची गाठ’ असेच म्हटले जाते. हा केवळ शब्दांचा घोळ नव्हे. गाठ गर्भाशयात आहे की अंडाशयात, यावर उपचार अवलंबून असतो. अंडाशयात साधी गाठ असताना ‘पिशवी काढावी लागेल’ असा समज होण्याचे मूळ अनेकदा या नावातच असते.

बहुपुटी अंडाशय (पीसीओएस) ही अवस्था याहून वेगळी आहे. तीत अंडाशयात २ ते ९ मिलिमीटर आकाराच्या अनेक लहान पुटिका दिसतात. त्या वाढ थांबलेल्या बीजपुटिका असतात, गाठी नव्हेत. त्या कर्करोगाच्या गाठी नसतात आणि केवळ त्यांच्यासाठी अंडाशय काढण्याचे कारण नसते.

निर्मिती व प्रकार

प्रत्येक मासिक चक्रात अंडाशयातील एक बीजपुटिका वाढून साधारण १८ ते २५ मिलिमीटरची होते आणि फुटून बीज बाहेर पडते. म्हणजेच द्रवाने भरलेली लहानशी पिशवी दर महिन्याला तयार होणे हा निरोगी अंडाशयाचा नित्यक्रमच आहे. पुटिका न फुटता वाढत राहिली, किंवा फुटल्यानंतर उरलेल्या पीतपिंडात द्रव अथवा रक्त साचले, तर जी गाठ बनते तिला कार्यात्मक गाठ म्हणतात. अशा गाठी बहुधा दोन-तीन चक्रांत नाहीशा होतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी त्या लवकर विरतात असा समज होता. परंतु उपलब्ध चाचण्यांत तसा लाभ आढळलेला नाही.

कार्यात्मक नसलेल्या गाठींपैकी प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

चॉकलेट सिस्ट: गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती अंडाशयात वाढून तेथे जुने, तपकिरी रक्त साचते. पाळीच्या वेळी तीव्र वेदना हे तिचे नेहमीचे लक्षण होय.

डर्मॉइड: बीजपेशींपासून बनणारी गाठ. तिच्यात चरबी, केस, क्वचित दातही आढळतात. ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पण तिच्यामुळे अंडाशयाला पीळ पडण्याचा संभव असतो.

सिस्टॅडेनोमा: अंडाशयाच्या आवरणापासून होणारी सौम्य गाठ. ती कधीकधी फार मोठी होते.

सीमावर्ती आणि कर्करोगाच्या गाठी: यांचे प्रमाण कमी असले, तरी पाळी थांबल्यानंतरच्या वयात त्यांचा संभव वाढतो. आई, बहीण यांसारख्या जवळच्या नात्यात अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास तो आणखी वाढतो.

तपासण्या

सोनोग्राफी

सोनोग्राफी ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी होय. गाठीची भिंत पातळ व गुळगुळीत असेल आणि आत केवळ स्वच्छ द्रव असेल, तर ती ‘साधी’ समजली जाते. आत पडदे, घन भाग किंवा भिंतीवर उंचवटे दिसल्यास अहवालात ‘कॉम्प्लेक्स सिस्ट’ असे लिहिले जाते. या शब्दाचा अर्थ ‘संमिश्र रचनेची गाठ’ एवढाच आहे. कर्करोग असा नाही. रक्त साचलेली कार्यात्मक गाठ आणि डर्मॉइड याही संमिश्रच दिसतात. अहवालाच्या शेवटी येणारे ‘क्लिनिकल कोरिलेशन’ हे शब्दही अनेकांना घाबरवतात. चित्राचा अर्थ रुग्णाची लक्षणे, वय व प्रत्यक्ष तपासणी यांच्याशी जुळवून लावावा, अशी ती नेहमीची सूचना असते.

ब्रिटनमधील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पाळी सुरू असलेल्या स्त्रीमधील ५ सेंटिमीटरपेक्षा लहान साध्या गाठीसाठी सहसा पुन्हा तपासणीची गरज नसते. ५ ते ७ सेंटिमीटरच्या साध्या गाठीसाठी वर्षातून एकदा सोनोग्राफी सुचवली जाते. त्याहून मोठ्या गाठीसाठी एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो. अमेरिकेतील किरणनिदानतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये मांडलेल्या ‘ओ-रॅड्स’ पद्धतीत गाठींचे क्रमांकांनुसार गट केले जातात. क्रमांक २ म्हणजे कर्करोगाचा संभव १ टक्क्याहून कमी, ३ म्हणजे १ ते १० टक्क्यांच्या दरम्यान, ४ म्हणजे १० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आणि ५ म्हणजे ५० टक्के किंवा अधिक. क्रमांक ३ असलेल्या स्त्रीला ‘गाठ संशयास्पद आहे’ एवढेच सांगितले, तर तिला सर्वांत वाईट तेच ऐकू येते. त्या गटातील दहांपैकी किमान नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात, हे सांगितल्यास चित्र बदलते.

सीए-१२५

सीए-१२५ हे रक्तात मोजले जाणारे प्रथिन असून रॉबर्ट बास्ट व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्याचा शोध जाहीर केला. दर मिलिलिटरला ३५ एकक ही त्याची रूढ मर्यादा आहे. मात्र मासिक पाळी, गर्भावस्था, चॉकलेट सिस्ट, गर्भाशयातील फायब्रॉइड, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, यकृताचे आजार आणि पोटाचा क्षयरोग यांतही ते वाढते. क्षयरोगाचा मुद्दा भारतात विशेष महत्त्वाचा आहे. पोटाच्या क्षयरोगात पोटात पाणी होणे, वजन घटणे व सीए-१२५ वाढणे ही अंडाशयाच्या कर्करोगासारखीच लक्षणे दिसतात. तो आजार औषधांनी बरा होतो. उलट बाजूने पाहता, पहिल्या टप्प्यातील अंडाशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांत हा आकडा वाढलेलाच नसतो. त्यामुळे वाढलेला आकडा हा आजाराचा पुरावा नव्हे आणि कमी आकडा ही निरोगीपणाची हमी नव्हे.

धोका-निर्देशांक

१९९० मध्ये इयान जेकब्ज व सहकाऱ्यांनी सोनोग्राफी, वय व रक्ततपासणी यांची सांगड घालणारा निर्देशांक मांडला. त्यात तीन संख्यांचा गुणाकार करतात. सोनोग्राफीत संशयास्पद लक्षण नसल्यास ०, एक असल्यास १, दोन किंवा अधिक असल्यास ३. पाळी सुरू असल्यास १, थांबली असल्यास ३. आणि सीए-१२५ चा आकडा. गुणाकार २०० पेक्षा अधिक आल्यास कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. उदाहरणार्थ, सोनोग्राफीत दोन संशयास्पद लक्षणे आणि सीए-१२५ ६० असेल, तर पाळी सुरू असलेल्या स्त्रीत निर्देशांक ३ × १ × ६० = १८० येतो; पाळी थांबलेल्या स्त्रीत तोच ३ × ३ × ६० = ५४० होतो. गाठ साधी असेल तर तो शून्यच राहतो. एकच आकडा दोन स्त्रियांच्या बाबतीत वेगळा अर्थ सांगतो. म्हणून शेजारणीच्या किंवा नातलगाच्या अहवालाशी स्वतःच्या अहवालाची तुलना करणे निरर्थक ठरते.

अनिश्चिततेची कारणे

अहवाल संदिग्ध येण्याची काही कारणे तांत्रिक असतात. योनिमार्गे केलेली सोनोग्राफी अंडाशय अधिक स्पष्ट दाखवते. परंतु अविवाहित मुलींची तपासणी बहुधा पोटावरून, भरलेल्या मूत्राशयातून केली जाते आणि चित्र तुलनेने अस्पष्ट येते. पाळीच्या उत्तरार्धात केलेल्या तपासणीत पीतपिंड गाठीसारखा दिसू शकतो. म्हणून पुन्हा करावयाची सोनोग्राफी पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत करणे सोयीचे असते.

‘सुईने पाणी काढून तपासावे’ अशी अपेक्षा रुग्णाकडून व्यक्त होते. परंतु अंडाशयाच्या संशयित गाठीत सुई घातल्यास कर्करोगाच्या पेशी पोटात पसरण्याचा धोका असतो. शिवाय निघालेल्या द्रवावरून निश्चित निष्कर्षही निघत नाही. त्यामुळे अशी गाठ सहसा अखंड काढूनच तपासली जाते. शस्त्रक्रिया चालू असताना केलेली ‘फ्रोझन सेक्शन’ तपासणीही प्राथमिक स्वरूपाची असते. अंतिम निर्णय नंतर येणाऱ्या ऊतितपासणीच्या अहवालावर अवलंबून असतो.

थांबून पुन्हा तपासणी करणे हा यामुळेच वैद्यकीय निर्णयाचा भाग ठरतो. कार्यात्मक गाठ काळाबरोबर लहान होते; इतर गाठी तशाच राहतात किंवा वाढतात. दोन-तीन महिन्यांचा काळ हीच येथे एक तपासणी असते. ‘डॉक्टरांनी काहीच केले नाही’ ही भावना स्वाभाविक असली तरी वस्तुस्थितीला धरून नसते.

इतिहास

१८०९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातील डॅनव्हिल येथे इफ्राइम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड यांच्या पोटातील अंडाशयाची मोठी गाठ भूल न देता काढली. भूल देण्याचे तंत्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. त्या बऱ्या झाल्या आणि पुढे अनेक वर्षे जगल्या.

सोनोग्राफीचा वैद्यकीय वापर रुजण्यातही अंडाशयाच्या गाठीचा वाटा आहे. ग्लासगो येथील इयान डोनाल्ड व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात पोटातील गाठींच्या ध्वनिलहरी-तपासणीवरील लेख प्रसिद्ध केला. पोटाचा असाध्य कर्करोग असल्याचे निदान झालेल्या एका स्त्रीची या यंत्राने तपासणी केली असता ती द्रवाने भरलेली गाठ असावी असे दिसले. शस्त्रक्रियेत अंडाशयाची मोठी सौम्य गाठ निघाली आणि ती स्त्री बरी झाली.

चिंतेचे स्वरूप

आजाराचे निश्चित निदान झालेल्या रुग्णाची चिंता आणि निदान अधांतरी असलेल्या रुग्णाची चिंता यांत फरक असतो. पहिलीला उपचाराची दिशा मिळालेली असते. दुसरीला केवळ वाट पाहावी लागते. झोप न लागणे, छातीत धडधडणे, भूक मंदावणे, ओटीपोटाकडे सतत लक्ष जाणे ही तिची लक्षणे होत. ताणामुळे पोटात येणारा पेटका, वायू किंवा बीज बाहेर पडतानाची नेहमीची कळदेखील गाठीचीच वाटू लागते. त्यामुळे भीती वाढते आणि भीतीने पुन्हा वेदना जाणवतात.

या चिंतेला सामाजिक पदरही असतात. अविवाहित मुलीच्या बाबतीत ‘सोयरिकीत अडचण येईल’ या भीतीने अहवाल घरातही लपवला जातो. नवविवाहितेला अपत्य होण्याची शंका ग्रासते. वस्तुतः साध्या गाठीमुळे सहसा गर्भधारणेला बाधा येत नाही, आणि एक अंडाशय काढावे लागले तरी दुसरे निरोगी असल्यास गर्भधारणा होऊ शकते.

चिंतेला सामोरे जाण्याचे मार्ग

चिंता पूर्णपणे घालवणे हे उद्दिष्ट नसते. ती निर्णय घेऊ शकण्याइतकी आटोक्यात ठेवणे हे असते. त्यासाठी पुढील उपाय उपयुक्त ठरतात.

नेमका प्रश्न ओळखणे. अहवालातून काय समजले, काय अजून समजायचे आहे आणि ते कोणत्या तपासणीने कधी समजेल, या तीन गोष्टी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. पुढील तारीख ठरलेली असली की अमर्याद वाटणाऱ्या प्रतीक्षेला सीमा मिळते.

प्रश्न लिहून नेणे. गाठीचा आकार किती, ती साधी आहे की संमिश्र, कोणत्या बाजूला आहे, थांबल्यास धोका कोणता, शस्त्रक्रिया केल्यास अंडाशय राखता येईल का, हे प्रश्न आधी लिहून न्यावेत. बहुतेक अहवाल इंग्रजीत असतात. त्यांचा मराठीत अर्थ विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे. सोबत एक विश्वासू व्यक्ती असल्यास ऐकलेले नीट लक्षात राहते.

सर्व कागद एकत्र ठेवणे. आधीची सोनोग्राफी जवळ असल्यास गाठीतील बदल कळतो. तुलनेसाठी जुना अहवाल नसल्यामुळेही नवा अहवाल संदिग्ध राहू शकतो.

वारंवार तपासण्या टाळणे. आठवड्याआड वेगवेगळ्या केंद्रांत केलेल्या सोनोग्राफीत आकारात काही मिलिमीटरचा फरक येणे स्वाभाविक असते. त्यातून माहितीऐवजी नवी भीती मिळते.

दिनक्रम राखणे. नेहमीचे काम, चालणे, संथ श्वसन आणि ठरावीक वेळी झोप यांचा उपयोग होतो. चिंतेसाठी दिवसातील ठरावीक वेळ राखून इतर वेळी मन कामात गुंतवण्याची रीतही मानसोपचारात वापरली जाते.

मदत घेणे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक बिघडली असेल किंवा निराशेचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून ती मराठीतही मिळते.

कुटुंबीयांनी ‘काही होत नाही’ असे म्हणून विषय संपवू नये. तारीख लक्षात ठेवणे, सोबत जाणे आणि घरातील कामाचा भार उचलणे हा अधिक खरा आधार होय.

घाईच्या शस्त्रक्रियेचे परिणाम

भीतीच्या भरात घेतलेल्या निर्णयांचे दुष्परिणाम संशोधनात नोंदले गेले आहेत. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत निम्म्या स्त्रियांची सीए-१२५ व सोनोग्राफीने नियमित चाळणी केली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे कमी झाले नाहीत. ३,२८५ स्त्रियांना कर्करोग नसताना संशयित ठरवले गेले. त्यांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतील सुमारे १५ टक्के स्त्रियांना गंभीर गुंतागुंत झाली. ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीतही, २०२१ मधील अंतिम निष्कर्षांनुसार, मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. म्हणूनच कोणतेही लक्षण किंवा कौटुंबिक धोका नसलेल्या स्त्रियांसाठी अशा चाळणीची शिफारस केली जात नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या संदर्भात २०१९ मध्ये ऐरणीवर आला. अनेक तरुण स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे उघड झाल्यावर राज्य शासनाने विधानपरिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. ‘गाठ आहे, कर्करोग होईल’ या भीतीने संमती दिल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले होते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. पाळी थांबण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशये काढल्यास हाडे ठिसूळ होणे व हृदयविकार यांचा धोका वाढतो. म्हणून तातडीची स्थिती नसल्यास दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेणे इष्ट असते.

यवतमाळ जिल्ह्यातील संदर्भ

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ असून बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. जिल्ह्यात १६ तालुके आहेत. यवतमाळ शहरातील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय हे जिल्ह्यातील प्रमुख शासकीय उपचारकेंद्र होय. त्यापुढील तपासणीसाठी रुग्ण शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात जाऊ शकतात. पात्र कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली संलग्न रुग्णालयांत ठरावीक उपचार विनामूल्य मिळतात.

जिल्ह्याचे भौगोलिक व सामाजिक वास्तव प्रतीक्षेचा काळ अधिक कठीण करते. उमरखेडसारखे तालुक्याचे गाव जिल्हा मुख्यालयापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. कापूस वेचणीच्या हंगामात मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे शेतमजूर स्त्रीला परवडत नाही. त्यामुळे ‘तीन महिन्यांनी पुन्हा या’ हा वैद्यकीयदृष्ट्या योग्य सल्लाही पाळला जाईलच असे नसते. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव आदी तालुक्यांतील कोलाम व गोंड आणि पुसद-दिग्रस भागातील बंजारा समाजाच्या स्त्रियांना अहवालाची भाषा तर दूरच, डॉक्टरांची प्रमाण मराठीही अपुरी पडू शकते. अशा वेळी गावातील आशा कार्यकर्ती पुढील तारखेची आठवण करून देणे व सोबत जाणे ही कामे करू शकते.

विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी करून १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना तपासणीत स्त्रीरोगविषयक एक वा अनेक आजार आढळले; मात्र पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ग्रामीण स्त्री दुखणे अंगावर काढते, हे या पाहणीतून दिसले. तपासणीला आलेल्या स्त्रीला समजेल अशा भाषेत उत्तर मिळणे किती महत्त्वाचे आहे, हेही त्यावरून लक्षात येते. कारण भीतीने परत गेलेली स्त्री पुन्हा येईलच याची खात्री नसते.

तातडीची लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्वरित रुग्णालयात जावे: ओटीपोटात एका बाजूला अचानक उठलेली असह्य कळ, विशेषतः उलट्यांसह (अंडाशयाला पीळ पडल्याची शक्यता), चक्कर, घाम व निस्तेजपणा (गाठ फुटून रक्तस्राव झाल्याची शक्यता), पोटदुखीसह ताप, आणि पाळी चुकलेली असताना होणारी तीव्र पोटदुखी. पोट सतत फुगणे, थोडे खाल्ल्यावरच पोट भरणे, वजन घटणे किंवा पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव होणे ही लक्षणे तातडीची नसली, तरी काही दिवसांच्या आत डॉक्टरांना सांगावीत. पीळ पडलेले अंडाशय वेळेत सोडवल्यास वाचवता येते. म्हणून अशा वेदनेत रात्र काढून सकाळी जाण्याचा विचार करू नये.